आईच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार मोबाइल अ‍ॅपवर घरीच तपासता येईल का? (जत, जि. सांगली)

लक्ष ठेवायला अ‍ॅप चालेल, डॉक्टरांच्या तपासणीऐवजी नाही. आईंना मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाचा, कोरडा आजार आहे आणि सारखं जतहून मिरजेला नेणं जमत नाही, असं तुम्ही लिहिलंय. कोरडा आजार ओला झाला, म्हणजे पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या वाढून पाझरू लागल्या, की सरळ रेष वाकडी दिसते. ही अ‍ॅप्स बहुतेक तेवढंच पकडतात.

खरी गोम एकेक डोळा झाकण्यात आहे. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा सांभाळून घेतो आणि माणूस म्हणतो, "मला काय धाड भरलीय!" बोटांच्या फटीतून बघणारेही पुष्कळ, म्हणून तळहाताने झाकायला लावा. जवळचा चष्मा लावून, फूटभर अंतरावरून, स्क्रीनचा उजेड दर वेळी सारखाच.

मोबाइल जड जात असेल तर अ‍ॅम्स्लर ग्रिडचा कागद, १० सेंटिमीटरचा चौकडीचा चौकोन आणि मधोमध ठिपका, फ्रिजवर चिकटवा. खरं सांगायचं तर बऱ्याच आज्यांना हेच जमतं.

रेष नव्याने वाकली किंवा मध्ये डाग दिसला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, एक-दोन दिवसांत पडद्याच्या डॉक्टरांकडे न्या. इंजेक्शन लवकर सुरू झालं तर नजर टिकण्याची शक्यता जास्त.

आणि त्यांना शुगर असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्याच. शुगरमुळे होणारा पडद्याचा बिघाड सुरुवातीला कुठल्याच रेषेत दिसत नाही.