कडाक्याची थंडी पडली की लोकांचा हवामान बदलावरचा विश्वास कमी होतो का?
थोडा कमी होतो, पण हा परिणाम टिकत नाही. अमेरिकेतलं गाजलेलं उदाहरण घ्या. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी ओक्लाहोमाचे सिनेटर जेम्स इनहोफ तापमानवाढ खोटी आहे हे दाखवायला चक्क बर्फाचा गोळा घेऊन सभागृहात आले, बाहेर किती गारठा आहे बघा म्हणाले आणि गोळा फेकला. गृहस्थ तेव्हा पर्यावरण समितीचे अध्यक्ष होते! वॉशिंग्टन गारठलं होतं हे खरंच. पण नासाच्या नोंदींत २०१४ हे तोवरचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं होतं, आणि त्याच हिवाळ्यात कॅलिफोर्निया दुष्काळात होरपळत होता. माणूस आलेखापेक्षा अंगाला झोंबणाऱ्या वाऱ्यावर भरवसा ठेवतो. ज्याला आजचा दिवस नेहमीपेक्षा गार वाटतो, त्याची तापमानवाढीची काळजी जरा कमी होते, असं पाहण्यांतही दिसलंय. मात्र अमेरिकेत मत ठरवण्यात थंडीपेक्षा पक्षाचा वाटा कितीतरी मोठा.