पाटल्या मोडू नका, आधी नळीचं बघा

प्रश्न : मी ३२ वर्षांची, घणसोलीला राहते. ठाण्यातल्या एका सेंटरमध्ये पहिलं आयव्हीएफ केलं. ९ अंडी निघाली, ५ फळली, ३ भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत टिकले. एक गर्भाशयात सोडला, पण राहिलं नाही. दोन गोठवून ठेवलेत. आता ते म्हणतात, या वेळी ईआरए, स्क्रॅचिंग, पीजीटी (भ्रूणाच्या गुणसूत्रांची तपासणी) आणि कॅमेऱ्याचा इन्क्युबेटर असं पॅकेज घ्या, दीड लाख वर लागतील. सासूबाई पाटल्या मोडायला तयार आहेत. मात्र मी स्टेशनचे जिने चढले म्हणून गेलं, असं त्यांना वाटतं. माझी पाळी नियमित आहे. दोन वर्षांपूर्वीच्या एचएसजीत (गर्भनळ्यांच्या एक्स-रेत) 'डावी नळी टोकाला बंद, फुगलेली' असं लिहिलंय. पॅकेज घेऊ का?

उत्तर : ताई, पाटल्या सासूबाईंच्या हातातच राहू द्या. पत्रात तुम्ही जाता जाता जी एचएसजीची ओळ लिहिलीत, ती सगळ्यांत महत्त्वाची आहे, आणि पॅकेजात तिचाच पत्ता नाही.

गर्भनळीचं टोक बंद झालं की आत पाणी साचतं. याला हायड्रोसॅल्पिंक्स म्हणतात. ते पाणी उलटं गर्भाशयात झिरपतं आणि भ्रूण रुजायला अडथळा करतं. 'आयव्हीएफला नळी लागतच नाही' हे खरं आहे, पण न लागणारी नळी त्रास देत नाही असं नाही. अशी नळी आधी दुर्बिणीतून काढली किंवा गर्भाशयाजवळ क्लिप लावून बंद केली की आयव्हीएफचं यश वाढतं. हे कालपरवाचं नाही, बऱ्याच वर्षांचं पक्कं ज्ञान आहे. नळी काढताना त्या बाजूच्या अंडाशयाचा रक्तपुरवठा सांभाळावा लागतो. तिथे चिकटलेपणा फार असेल तर क्लिप बरी.

म्हणून पुढची पाळी संपली की योनीमार्गे सोनोग्राफी करा आणि 'डाव्या नळीत पाणी दिसतं का' हा प्रश्न चिठ्ठीवरच लिहून घ्या. नाहीतर रिपोर्टात फक्त अंडाशय आणि गर्भाशयाचं अस्तर येतं. सोनोग्राफीत दिसण्याइतकं पाणी असेल तर ते जास्त नडतं. एचएसजीचा कागद नको, फिल्म घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाची ओपीडी तुम्हाला जवळ आहे. आपल्याकडे नळ्या बिघडण्यामागे टीबी असू शकतो, तेही विचारा. पण नुसता पीसीआर (टीबीच्या जंतूचा अंश शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आला म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्या लगेच सुरू करू नका. त्याआधी दुसरं मत घ्या.

आता पॅकेज. तुमचे दोन्ही भ्रूण वाढून, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये झोपलेत. कॅमेऱ्याचा इन्क्युबेटर भ्रूण वाढताना फोटो काढतो. जे वाढून झालेत त्यांचे तो काय काढणार? नव्या सायकलमध्येही त्याचा फायदा दिसलेला नाही. २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या १,५७५ जणींच्या चाचणीत कॅमेऱ्याच्या गटात ३३.७ टक्के आणि नेहमीच्या पद्धतीत ३३ टक्के जणींना बाळ झालं.

स्क्रॅचिंग म्हणजे अस्तराला मुद्दाम ओरखडा. २०१९ च्या चाचणीत १,३६४ बायका होत्या. ओरखडा काढलेल्या २६.१ टक्के जणींना बाळ झालं, न काढलेल्याही २६.१ टक्के. ईआरएसाठी एक महिना खोटी सायकल करून अस्तराचा तुकडा काढतात आणि त्यावरून भ्रूण सोडायची वेळ पुढेमागे करतात. २०२२ मध्ये ७६७ जणींवर ते तपासलं. वेळ बदललेल्या गटात ५८.५ टक्के, न बदललेल्या गटात ६१.९ टक्के जणींना बाळ झालं. दुखणं, महिना आणि पैसे, तिन्ही वाया.

पीजीटीसाठी तुमचे भ्रूण वितळवायचे, बाहेरच्या थरातल्या काही पेशी काढायच्या आणि पुन्हा गोठवायचे. हाताशी दोनच भ्रूण असताना ही जोखीम आम्हाला पटत नाही. चीनमध्ये २० ते ३७ वयाच्या १,२१२ बायकांची चाचणी २०२१ मध्ये छापून आली. तपासणी केलेल्या गटात ७७.२ टक्के, न केलेल्या गटात ८१.८ टक्के जणींना बाळ झालं. अडतिशी उलटली असेल किंवा वारंवार गर्भपात झाले असतील तर चर्चा वेगळी. तुमची नाही.

सेंटरला विचारायचं ते हे : माझ्या वयाच्या बायकांमध्ये गोठवलेला एक भ्रूण सोडल्यावर घरी बाळ किती जणी नेतात? 'बीटा पॉझिटिव्ह'चा (रक्ततपासणीत नुसती गर्भधारणा दिसल्याचा) आकडा दिला तर तो नको म्हणा. यशाची शक्यता आणि खर्च सांगणं २०२१ च्या एआरटी कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे. भ्रूणांचा ग्रेडचा कागदही मागा. '४बीबी' दिसलं तर घाबरू नका. आकडा भ्रूण किती फुगलाय त्याचा, पहिलं अक्षर बाळ होणाऱ्या पेशींचं, दुसरं वार होणाऱ्या थराचं. बीबी चांगला भ्रूण असतो.

एक खटकलं. एवढ्या पत्रात यजमानांच्या रिपोर्टाबद्दल एक अक्षर नाही. या दोन भ्रूणांना आता त्याचा उपयोग नाही, पण पुढे पुन्हा अंडी काढायची वेळ आली तर लागेल. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे तंबाखू असेल तर आजच सुटायला हवी.

नळीचा निकाल लागला की एकच भ्रूण सोडा. पाळी नियमित आहे, तेव्हा नैसर्गिक सायकल मागा, म्हणजे तुमच्याच पाळीत अंडं फुटू देऊन भ्रूण सोडायचा. दहाव्या दिवसापासून सोनोग्राफी, अंड्याची पिशवी १७-१८ मिलिमीटर आणि अस्तर ७ मिलिमीटरच्या वर, आणि अंडं फुटल्यावर पाचव्या दिवशी भ्रूण. सगळं गोळ्यांवर केलेल्या सायकलमध्ये गरोदरपणी बीपी वाढण्याचं प्रमाण जास्त दिसलंय, तिथे अंड्यामागे उरणारी पीतग्रंथी नसते.

आणि जिने. गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात, भ्रूण त्यांच्या मधे बसतो. घणसोलीचाच काय, कुठलाही जिना त्याला खाली पाडत नाही. पडून राहिल्याने यश वाढत नाही, हेही तपासून झालंय. सासूबाईंना सोबत घेऊन जा, हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या. प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकायला मदत करणारं संप्रेरक) मात्र सांगितलेल्या वेळेला घ्या, आणि थोडे डाग दिसले तरी रक्ततपासणी होईपर्यंत आपल्या मनाने बंद करू नका.