लोटस सेव्हनच्या धर्तीची फायबर बॉडीची गाडी घरच्या शेडमध्ये दुरुस्त होईल का? सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न असा आहे: लातूरजवळ शेतातल्या शेडमध्ये ७-८ वर्षं उभी असलेली लोटस सेव्हनसारखी दिसणारी दोन सीटची उघडी गाडी, बॉडी फायबरची, इंजिन इसुझूचं १८००, नाकाजवळ फुटलेली, दिवे मनाला येईल तसे लागतात. घरी जमेल का, आणि आधी रंग करावा की इंजिन?

जमेल. पण आधी रंगही नको आणि इंजिनही नको. आधी वही-पेन घ्या आणि गाडीखाली झोपा.

मूळ लोटस सेव्हन १९५७ची. तिच्या आकारावरून जगभर बऱ्याच नकला (रेप्लिका) झाल्या, आपल्याकडे अलिबागजवळ बनलेली चिंकारा रोडस्टर त्यातलीच. आकार लोटसचा असला तरी आतलं सगळं दुसऱ्या गाड्यांचं असतं. इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन ॲम्बेसेडर आणि कॉन्टेसालाही बसायचं, म्हणून त्याचे भाग आजही जुन्या बाजारात मिळतात. स्टिअरिंग, हब, ब्रेक, मागचा एक्सल, वायपरची मोटर यातला प्रत्येक भाग कुठल्या गाडीचा आहे ते ओळखून वहीत लिहा. ओतीव अक्षरं, बेअरिंगवरचा नंबर, ब्रेक शूची रुंदी यांवरून बहुतेक ओळख पटते. दुकानात जाऊन ‘रेप्लिकाचा व्हील सिलिंडर द्या’ म्हटलं तर कुणाला काही कळणार नाही. ‘ॲम्बेसेडरचा मागचा’ म्हटलं की मिळेल. ही यादी तयार झाली की निम्मं काम झालं असं मी समजतो. जे मिळणारच नाही, म्हणजे सस्पेन्शनचे बुश, स्पेसर, लिंकेज, ते नमुना दाखवून छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीतल्या कुठल्याही लेथवाल्याकडून करून घेता येतं.

आता चॅसी. गाडी जॅकवर नाही, चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, ठेवा. खालच्या चौकोनी नळ्या बाहेरून चांगल्या दिसतात आणि आतून गंजतात, कारण शेडमधली ओल आणि उंदरांनी भरलेला कडबा आत साठून राहतो. छोट्या हातोडीने दर चार बोटांवर ठोकत जा. मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो तसंच इथे करायचं. टणटणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. मग पुढच्या डाव्या सस्पेन्शनच्या बोल्टपासून मागच्या उजव्या बोल्टपर्यंत आणि उलट, असे दोन्ही कर्ण मोजा. फरक ३ मिमीच्या आत असेल तर चॅसी सरळ धरायला हरकत नाही. त्याहून जास्त असेल तर वेल्डिंगला हात लावण्याआधी सरळ करून घ्या. १.६ मिमी जाडीच्या नळीला साधं आर्क वेल्डिंग भोक पाडतं, सीओटू वेल्डिंगच वापरा. बॉडी आणि पेट्रोलची टाकी उतरवल्याशिवाय, बॅटरी काढल्याशिवाय ठिणगी पाडू नका. फायबरमधलं रेझिन पेटलं की विझवणं अवघड. चॅसी नंबर जिथे कोरला आहे तिथे ग्राइंडर, लांबी (पुटी), जाड रंग काहीही लावू नका. नंबर वाचता आला नाही तर आरटीओत गाडी अडकते.

फायबरवर मात्र सविस्तर लिहितो, कारण बहुतेक लोक इथेच हात पोळून घेतात.

भेग लांबीने बुजवायची नाही. कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसतात तिथे मागून आधार कमी पडलेला असतो, पॅनल हलतो आणि वरचा कडक जेलकोट तडकतो. वरून लांबी भरली तर गाडी थोडी फिरवताच तीच भेग त्याच जागी पुन्हा उमटते. आधी ॲसिटोनने पुसा, नंतर घासा. हा क्रम उलटा झाला तर जुनं मेण ओरखड्यांत जाऊन बसतं आणि नवा थर सुटतो. जुना रंग काढायला रिमूव्हर वापरू नका, तो जेलकोटही खातो. ४०-६० नंबरच्या डिस्कने भेगेच्या दोन्ही बाजूंना किमान ५ सेंमी उतार करा, मागची बाजूही खरखरीत करा.

नाकाजवळ तुकडाच पडला असेल तर बाहेरून सनमायकाचा तुकडा, गुळगुळीत बाजू आत, मेण पॉलिश करून स्क्रूने बसवा आणि आतून थर द्या. सनमायका काढल्यावर बाहेरची बाजू जवळजवळ तयार मिळते, लांबी २ मिमीच्या वर लागत नाही. काचेच्या धाग्यांची मॅट चौरस मीटरला ४५० ग्रॅमची घ्या. तिचा एक थर साधारण १ मिमी होतो, म्हणून पॅनलला ३ ते ४ थर. रेझिन वजनाने मॅटच्या अडीचपट: ३० सेंमी चौरस तुकडा साधारण ४० ग्रॅम भरतो, त्याला १०० ग्रॅम रेझिन. सर्वांत मोठा तुकडा आधी, लहान नंतर. ब्रश ओढायचा नाही, टोचायचा. पांढरी मॅट मिनिटभरात पारदर्शक होते. जिथे पांढरं राहील तिथे हवा आहे, रोलर फिरवा.

हार्डनर म्हणजे एमईकेपी, वजनाने १ ते २ टक्के. २०० ग्रॅम रेझिनला १ टक्का म्हणजे २ ग्रॅम. अंदाजाने ओतू नका, सिरिंज आणि किचनचा डिजिटल काटा वापरा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या पुढे जातो, तेव्हा पहाटे ५ ते ८ हीच कामाची वेळ. मग हार्डनर कमी करावा का? १ टक्क्याच्या खाली गेलात तर थर चिकट राहतो आणि नीट पिकत नाही. हार्डनर तेवढाच ठेवा, पण एका वेळी १००-१५० ग्रॅमच कालवा आणि पसरट ताटलीत ठेवा. खोल डब्यात रेझिन स्वतःच्याच उष्णतेने भडकतं. ताटलीतलं रेझिन खरवसासारखं थरथरायला लागलं की ते टाकून द्या, पातळ करून वापरू नका. पावसाळ्यात हवेत ओल जास्त असेल तर काम थांबवा. डिसेंबरच्या थंड सकाळी २ टक्के चालतं.

सगळ्यात महत्त्वाचं: कोबाल्ट एक्सलरेटर (रेझिन लवकर पिकवणारा) आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण कालवायचा, मगच हार्डनर. शक्यतो कोबाल्ट घातलेलंच रेझिन मागा आणि दोन्ही बाटल्या वेगळ्या कपाटात ठेवा. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. गॉगल घाला, शेजारी पाण्याची बादली हवीच. उडाला तर लगेच किमान १५ मिनिटं धुवा आणि तसेच डॉक्टरकडे जा.

दुरुस्त केलेली बॉडी लगेच रंगवू नका. रेझिन पुढे कित्येक दिवस आकसत राहतं आणि मग चकाकत्या रंगातून ठिगळाची कड उमटते. मराठवाड्याच्या उन्हाचा इथे फायदा घ्या: बॉडी चॅसीवर किंवा चॅसीच्या मापाच्या चौकटीवर ठेवून, वाकणार नाही अशा बेताने, दोन आठवडे उन्हात तापू द्या आणि मग शेवटची घासाई करा. पाण्याने घासल्यावर बोअरचे क्षार सुकू देऊ नका, साध्या स्वच्छ पाण्याने पुसा. शेवटचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मात्र घरी मारू नका असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्या हार्डनरमधला आयसोसायनेट फुप्फुसाला घातक आहे आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. प्रायमरपर्यंत तुम्ही करा, पुढचं बूथ असलेल्या पेंटरला द्या.

आता दिव्यांचं. हेडलाइट लावला की इंडिकेटर मंद होतो, ब्रेक दाबला की पार्किंगचा दिवा लुकलुकतो, दिवे लावले की टेम्परेचरचा काटा चढतो, असं होत असेल तर वायरिंग जळालेलं असेलच असं नाही. पत्र्याच्या गाडीत बॉडी हीच अर्थची वायर असते. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, टाकीच्या फ्लोटला वेगळी अर्थची वायर हवी. ती गंजली किंवा उंदराने कुरतडली की वीज दुसऱ्या दिव्यातून वाट काढते. दिवा चालू ठेवा, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं दिव्याच्या अर्थला लावा. ०.२ व्होल्टच्या वर दाखवलं तर अडथळा तिथेच आहे. पुढे एक आणि मागे एक पितळी अर्थ पट्टी लावा, तिथून बॅटरीपर्यंत जाड वायर न्या. इंजिन ते बॅटरी अर्थची केबल स्टार्टरच्या केबलइतकीच, २५ चौ. मिमीच्या खाली नको. दोन ६०/५५ वॅटचे हेडलाइट १० अँपिअरच्या आसपास ओढतात, त्यांना रिले आणि १५ अँपिअरचा फ्यूज द्या.

इंजिनाचं थोडक्यात: प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये १० मिली इंजिन ऑइल, एक दिवस थांबा आणि पुलीच्या नटला पाना लावून हाताने फिरवा. टायमिंग बेल्ट असेल तर सेल मारण्याआधीच बदला, उभ्या गाडीतही रबर पिचतं. जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाका. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुने रबरी पाइप फुगवतं आणि टाकी फायबरची असेल तर तिचं रेझिन विरघळवून कार्ब्युरेटरमध्ये डिंक करतं. अशी टाकी असेल तर स्टेनलेस स्टीलची करून घ्या आणि पाइप इथेनॉलला चालणारेच घ्या.

या गाड्या आपल्या उन्हाळ्यात तापतात त्याचं कारण बहुधा रेडिएटर लहान असणं हे नसतं. नाक बसकं असल्यामुळे रेडिएटरचा वरचा भाग इंजिनच्या पाण्याच्या तोंडापेक्षा खाली राहतो आणि हवा वरच अडकते. कूलंटची टाकी सगळ्यात उंच जागी बसवा आणि भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा. रेडिएटर आणि नाकाच्या मधल्या फटी फोमने बंद करा, नाहीतर हवा बाजूने निघून जाते. बोअरचं पाणी घालू नका, तयार कूलंटच घाला.

ब्रेकचे सगळे रबर, होस आणि ऑइल बदला, यात काटकसर नको. डॉट ४ वापरा, रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता. मास्टर सिलिंडर उजवीकडे असेल तर एअर काढण्याचा क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

कागदांबाबत: खासगी गाडीचं आरसी पहिली १५ वर्षं चालतं, पुढे फिटनेस तपासून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी असलेली व्हिंटेजची सवलत नकलेला लागू होत नाही, लोटसचं वय इथे धरलं जात नाही. आरसीवरचा इंजिन नंबर गाडीतल्या इंजिनशी जुळतो का ते पैसे घालण्याआधी बघा.

मागच्या एक्सलचा आणि त्यावरच्या ओतीव अक्षरांचा फोटो टाकलात तर तो कुठल्या गाडीचा आणि ब्रेक शू कुठले लागतील ते सांगतो.