अँटिबायोटिक रेझिस्टन्स रोखण्यात क्लिनिकल फार्मासिस्ट खरंच काही करतो का?

करतो, म्हणजे पेशंटची औषधं आणि डोस वॉर्डात बसून तपासणारा फार्मासिस्ट, त्याला वॉर्डात पाऊल ठेवू दिलं तर. तुम्ही विचारलंय की फार्म.डी. (फार्मसीचा सहा वर्षांचा डॉक्टरेट कोर्स) करणाऱ्या बहिणीला घरचे 'शेवटी गोळ्याच मोजणार' म्हणतात, त्यांना काय सांगायचं. माझे काका अजून म्हणतात, "दुकानच टाकायचं तर सहा वर्षं कशाला?" म्हणून एक केस सांगते.

सत्तरीचे आजोबा, वजन ५२ किलो, लघवीचं इन्फेक्शन. बीपी खाली गेलेलं, म्हणून रात्री मेरोपेनेम हे जबर अँटिबायोटिक सुरू केलं. ते योग्यच होतं. जोडीला मेट्रोनिडाझोल हे दुसरं अँटिबायोटिक कशाला? ते ज्यांच्यासाठी देतात ते अॅनेरोब, म्हणजे ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतू, मेरोपेनेम एकटंच आवरतं. तिसऱ्या दिवशी मी चार्ट पाहिला तर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) २.६, म्हणजे बरंच वाढलेलं, आणि डोस तोच, एक ग्रॅम दर आठ तासांनी. क्लिअरन्स, म्हणजे किडनी किती वेगाने रक्त गाळते तो आकडा, काढला, विसाच्या खाली, फारच कमी. एवढ्याला अर्धा ग्रॅम बारा तासांनी पुरतं. त्यात कल्चरचा (कोणता जंतू, कोणत्या औषधाने मरतो याच्या तपासणीचा) रिपोर्ट सकाळीच येऊन फाइलीत एक्स-रेच्या मागे पडलेला: ई. कोलाय हा जंतू, सेफ्ट्रिअॅक्सोन या साध्या अँटिबायोटिकला सेन्सिटिव्ह, म्हणजे त्यानेही मरणारा. म्हणजे मेरोपेनेमची गरजच उरली नव्हती.

रेसिडेंट डॉक्टर म्हणाला, सरांना, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरांना, विचारा. सर म्हणाले, "तुम्ही स्टॉक बघा, पेशंट मी बघतो." मग मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमना गाठलं आणि रिपोर्ट घेऊन दोघी पुन्हा सरांसमोर उभ्या राहिलो. संध्याकाळी सेफ्ट्रिअॅक्सोन लागलं, मेट्रोनिडाझोल बंद झालं. हे कुठलं दुकान, काका?

मेरोपेनेम असं उधळत राहिलो की जंतू त्याला दाद देईनासे होतात, हाच रेझिस्टन्स, आणि पुढे कोलिस्टिन या शेवटच्या पर्यायाच्या अँटिबायोटिकवर येऊन ठेपतो, आणि ते किडनीला काय करतं हे आयसीयूतल्या कुणालाही विचारा. आपल्याकडे फार्म.डी. २००८ पासून आहे, तरी कित्येक हॉस्पिटलांत क्लिनिकल फार्मासिस्ट फक्त अॅक्रेडिटेशनच्या (हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेच्या) तपासणीपुरता लागतो. डॉक्टरांचा अहंकार हे त्याचं मोठं कारण आहे, स्पष्टच सांगते.

अर्थात शेवटची जबाबदारी डॉक्टरांचीच, आणि सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे इन्फेक्शनमुळे बीपी कोसळलेलं असताना, कल्चरची वाट बघत बसायचं नसतं. शिवाय सगळे डॉक्टर तसे नसतात. दुकानालाही मी कमी लेखत नाही. शेड्यूल एच१ची (ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा औषधांची, त्यात बरीच अँटिबायोटिक्स येतात) नोंदवही प्रामाणिकपणे भरणारा केमिस्ट मोठंच काम करतो.

बहिणीला सांगा, नोकरी घेताना पगाराआधी विचार: अँटिबायोटिक राउंडला मला नेणार का, आणि माझा शेरा फाइलीत लिहिता येईल का? नाही म्हणाले तर दुसरीकडे जा. आणि घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या, माझ्या काकांनाही मी पाठवतेय.