रानातल्या पांढऱ्या लिली ओळखाव्यात कशा?

मेअखेरीपासून सह्याद्रीच्या पठारांवर आणि ओढ्यांकाठी दिसणाऱ्या पांढऱ्या ‘लिली’ एकाच जातीच्या असतात का, आणि नसल्यास त्या वेगळ्या कशा ओळखाव्यात, असे आपण विचारले आहे. त्या वेगवेगळ्या जातींच्या असतात, आणि काटेकोर अर्थाने त्यांपैकी एकही लिली नव्हे. खरी लिली, म्हणजे लिलियम, पश्चिम घाटात पार दक्षिणेकडे, निलगिरीच्या बाजूला आढळते. तिचा अंडाशय पाकळ्यांच्या आत असतो. आपल्याकडच्या या फुलांचा अंडाशय मात्र पाकळ्यांच्या नळीखाली, हिरव्या गाठीसारखा बाहेरूनच दिसतो.

आपली फुले मुख्यतः क्रायनम आणि पॅनक्रॅशियम या दोन प्रजातींची असतात. त्यांतला फरक पाहण्यासाठी फूल तोडावे लागत नाही, वरून आत डोकावले तरी पुरते. पॅनक्रॅशियमचे सहा केसरतंतू बुडाशी पातळ पांढऱ्या पडद्याने जोडलेले असल्यामुळे फुलात एक छोटी दातेरी वाटी दिसते. क्रायनमचे तंतू सुटे असतात आणि वाटी मुळीच नसते.

खरा घोळ क्रायनमच्या जातींमध्ये होतो. पावसाच्या तोंडावर, पाने फुटण्याआधीच नुसत्या जाड दांड्यावर सुगंधी, शुभ्र फुलांचा झुपका आला असेल आणि केसर पाकळ्यांच्या मानाने अगदी आखूड असतील, तर ती बहुधा क्रायनम ब्रॅकिनेमा असते. या ग्रीक नावाचा अर्थच ‘आखूड धागा’ असा आहे. क्रायनम लॅटिफोलियममध्ये प्रत्येक पाकळीच्या मधोमध गुलाबी-तांबूस पट्टा असतो आणि लांब केसर सगळे एकाच बाजूला खाली झुकून टोकाशी पुन्हा वर वळतात. केवळ पट्ट्यावर विसंबू नये, कारण काही फुलांत तो फारच फिका असतो. मी स्वतः अशाच एका फुलाच्या छायाचित्राखाली दोन पावसाळे चुकीचे नाव ठेवले होते, आणि त्यातले झुकलेले केसर मात्र सारा वेळ डोळ्यांसमोर होते. ओढ्याच्या चिखलात उभे असलेले, अरुंद पाकळ्यांचे आणि पसरलेल्या तांबूस केसरांचे झाड बहुधा क्रायनम व्हिव्हिपॅरम असते.

ओळख पटवण्यासाठी कंद उकरू नये. कंदावरून या जाती ओळखणे तसेही अवघड असते, आणि ब्रॅकिनेमासारखी मोजक्या ठिकाणची जात त्या पायी विनाकारण कमी होते.

फुले गळून गेल्यावर गेलात तर बिया पाहाव्यात. पॅनक्रॅशियमचे बी काळे, कोरडे आणि कोनदार असते. क्रायनमचे बी हिरवट, मांसल आणि ओबडधोबड असते, आणि त्यात इतका ओलावा साठलेला असतो की माती-पाण्यावाचून नुसते खिडकीत ठेवले तरी त्याला कोंब फुटतो.