'शिपमेट'ला मराठीत काय म्हणावं?

जमैकातल्या ऊसमळ्यांवरच्या गुलामांविषयीचा लेख मराठीत आणताना एका वाचकाला अडचण आली आहे. मूळ लेखात 'शिपमेट' हा शब्द सारखा येतो, म्हणजे एकाच जहाजातून आणलेले गुलाम एकमेकांना म्हणत तो. त्यांनी 'सहप्रवासी' लिहिलं, मित्राने 'जहाजभाई' सुचवलं. कोणता बरोबर?

'सहप्रवासी' आधी खोडा. सहप्रवासी एसटीत शेजारी बसतो, शेंगदाणे देतो, आपलं गाव आलं की उतरून जातो. विषय संपला. शिपमेटचं नातं जहाजातून उतरल्यावर सुरू व्हायचं आणि मरेपर्यंत टिकायचं.

अटलांटिकपार नेण्यासाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांत चढवली गेली, उतरली सुमारे १ कोटी ७ लाख. दर शंभरातली चौदा-पंधरा वाटेतच गेली. दीड-दोन महिने, कधी त्याहूनही जास्त, बेड्यांत एकमेकांना खेटून पडलेल्या या लोकांच्या भाषा वेगळ्या, मुलूख वेगळे. मागे राहिलं ते सगळं गणगोत. पलीकडे उतरल्यावर लिलाव, पुन्हा पांगापांग. त्यात मळा लागण्याआधीपासून आपल्याला ओळखणारं जगात कोण उरलं? शेजारी बेडीत होता तो किंवा होती ती.

म्हणून जमैकात शिपमेट हे नातंच ठरलं, सोयरिकीसारखं नियम असलेलं. शिपमेटची मुलं ती आपली मुलं. मुलं आईबापांच्या शिपमेटांना 'अंकल', 'आंट' म्हणत. शिपमेट स्त्री-पुरुषांनी एकमेकांशी संग करणं म्हणजे सख्ख्या भावाबहिणींनी करण्याइतकं निषिद्ध. मळेवाल्याच्या वहीत ही माणसं मालमत्तेच्या रकान्यात, किमतीसकट. गुलामांचं लग्न कायदा मानत नव्हता, बाप कोण हे नोंदवायची कुणाला गरज वाटत नव्हती. अशा ठिकाणी लोकांनी शरीरसंबंधाचे निषेधसुद्धा स्वतः घालून घेतले, हे मला फार मोठं वाटतं. नातं खरं आहे की तोंडदेखलं, हे अशाच नियमांवरून कळतं.

हा शब्द एकट्या जमैकाचा नाही. ब्राझीलमध्ये 'मलुंगो' म्हणत. तो मध्य आफ्रिकेतल्या बांतू भाषांमधून आलेला, आणि त्यात होडीसाठीचा शब्द दडलेला आहे. फ्रेंचांच्या सँ-दोमँगमध्ये, म्हणजे आजच्या हैतीत, 'बातिमाँ'. अर्थ पुन्हा जहाजच. डचांच्या सुरिनाममध्ये 'सिपी', इंग्रजी 'शिप'वरून. हा 'सिपी' पुढे पसरला. आधी एका जहाजातले, मग एका मळ्यावरचे सगळेच एकमेकांचे सिपी. मळ्यांवरून पळून जंगलात वस्ती केलेल्या आणि १७६२ साली डचांना तह करायला लावणाऱ्या सारामाका लोकांत तो 'सिबी' होऊन राहिला. दोघींचे नवरे एकाच सुमाराला सोडून गेले, तर त्या एकमेकींना सिबी म्हणू लागतात. जहाज गेलं, एकत्र भोगलेलं तेवढं शब्दात उरलं. (तिथेच मित्राला 'माती' म्हणतात. मराठी लेखात तो शब्द आणायचा मोह टाळा, वाचक शेतात जाईल.)

आता 'जहाजभाई'. शब्द सुंदर आहे, पण त्याला मालक आहे. गुलामी उठल्यावर मळ्यांना मजूर हवे होते, तेव्हा कराराने नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांचा हा शब्द. करार म्हणजे 'अ‍ॅग्रीमेंट', त्याचं झालं 'गिरमिट' (सुताराच्या गिरमिटाशी संबंध नाही), आणि ते लोक गिरमिटिये. सुरिनाममध्ये १ जुलै १८६३ला गुलामी संपली, तरी मुक्त झालेल्यांना आणखी दहा वर्षं सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर राबावं लागलं. ती मुदत संपायला आली आणि जून १८७३मध्ये कलकत्त्याहून गिरमिटियांचं पहिलं जहाज तिथे लागलं. ज्या मळ्यांवर 'सिपी' रुजला होता, तिथेच 'जहाजी भाई' आला. कुणी कुणाकडून उचलला म्हणावं तर तोच शब्द फिजीत आणि मॉरिशसमध्येही आहे. मॉरिशसला तर आपल्या कोकणातलेही लोक गेले होते. तेव्हा गुलामांच्या तोंडी 'जहाजभाई' घातलात, तर वाचकाला गिरमिट आठवेल. करारावर अंगठा दिलेला आणि बेडीत आणलेला, यांची गल्लत होईल. गिरमिटियाचे हाल कमी नव्हते, पण त्याच्या कराराला मुदत होती आणि त्याची मुलं कुणाची मालमत्ता नव्हती.

शब्दाची घडण मात्र तिथूनच घ्या, मराठीला ती परकी नाही. गुरुबंधू, दूधभाऊ: रक्ताचं नातं नाही, मधल्या तिसऱ्या गोष्टीने जोडलेलं. 'सहोदर'ही मनात येईल, एका पोटातले म्हणून. जहाजाचंही पोटच की. पण तो शब्द सख्ख्यांसाठी इतका पक्का झाला आहे की वाचक खरोखरचे भाऊ समजेल.

माझं मत 'जहाजभावंडं'ला. शिपमेट पुरुष असत तशा स्त्रियाही, आणि 'भाई' म्हटलं की त्या गळतात. 'भावंड' मराठीत नपुंसकलिंगी, दोघांना पुरतं. शिवाय भावंडं म्हटल्यावर तो संबंधाचा निषेध वेगळा समजावावा लागत नाही.

एक अडचण उरते. तुमच्या लेखातल्या 'अंकल'चं काय? इंग्रजीला मामा-काका एकच, मराठीत निवडावंच लागतं. आईचं जहाजभावंड असेल तर मामा किंवा मावशी, बापाचं असेल तर काका किंवा आत्या. कुणाचं ते मूळ लेखात नसेल, तर 'अंकल' तसंच ठेवा. सगळीकडे सरसकट 'काका' लिहिलंत, तर मराठी वाचक बापाकडचं नातं धरेल, आणि या मळ्यांवर मूल गुलाम ठरायचं ते आईवरून.