आधी गाडीखाली आडवे व्हा, इंजिनाचा आवाज नंतर ऐका

जुन्या जपानी स्पोर्ट्स गाड्यांवर या वेळी इतकी पत्रं आलीत की नेहमीसारखी सगळ्यांना सारखी जागा देणं जमलं नाही. काहींना लांब उत्तर आहे, काहींना चार ओळी. रागावू नका, ज्याला लांब उत्तर मिळालंय त्याचं दुखणं मोठं आहे एवढंच समजा.

प्रश्न : काका, १९७२ची डॅटसन २४०झेड बघून ठेवलीये. रंग आरशासारखा, सेल्फ मारला की पहिल्या झटक्यात चालू, आणि सहा सिलिंडरचा तो आवाज, काय सांगू! मालक म्हणतो मागच्याच वर्षी पूर्ण रिस्टोअर केलीये. घेऊन टाकू ना? फक्त एकच, चालवताना आत धुराचा वास येतो थोडा.
– झेडवेडा

उत्तर : थांबा जरा. "मागच्याच वर्षी पूर्ण रिस्टोअर केली" हे वाक्य ऐकलं की मी पहिलं काय करतो तर गाडीखाली आडवा होतो, कारण चकचकीत रंग हा बऱ्याचदा पुट्टीवरचा मेकअप असतो. ही गाडी १९६९मध्ये जपानात फेअरलेडी झेड नावानं आली आणि बाहेर डॅटसन २४०झेड म्हणून विकली गेली, आणि तिचं इंजिन, ते एल२४, २३९३ सीसीचं, अक्षरशः दगड आहे. तेल वेळच्या वेळी बदललं, टॅपेट सेट ठेवले (इंजिन गरम असताना इनटेक ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.३० मिमी) की ते चालतच राहतं. म्हणून इंजिन छान वाजतंय यावरून गाडीबद्दल काहीही कळत नाही. या गाडीला मारतो तो गंज. पत्रा मुळात पातळ आणि त्या काळात गंजापासून संरक्षण नावापुरतंच, त्यात पाणी साठायला जागा भरपूर.

कुठे बघायचं ते सांगतो. बॅटरीचा ट्रे उचला, त्याच्या खाली वर्षानुवर्षं ॲसिड ठिबकून खालची चासीची रेलसुद्धा खाल्लेली असते. मग पुढच्या काचेच्या खालची जाळी, तिच्यात पाला साठतो, निचरा बंद होतो आणि पाणी आत कुजत बसतं, हे वरून दिसतच नाही, टॉर्च आणि छोटा आरसा लागेल. मग दाराच्या मागे, मागच्या चाकाच्या पुढचा तो तिरका कोपरा, दाराखालची सिल, स्टेपनीचा खड्डा, डिकीच्या दाराची खालची कड. आणि सीटखालचा कार्पेट उचलू द्या म्हणावं, फ्लोअरखालच्या रेल आतून कुजतात, कोणीतरी त्यांच्यावर नवा पत्रा चढवून काळा रंग फासलेला असतो. पातळ कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक घेऊन जा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. मालक कार्पेट उचलू देत नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

धुराच्या वासाला घाबरू नका, हा या गाडीचा खानदानी आजार आहे. धावताना मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर डिकीच्या दाराच्या जुन्या रबरातून आणि टेललाइटच्या गॅस्केटमधून आत ओढला जातो. आधी सायलेन्सर कुठे फुटलाय का ते बघा, मग ही रबरं बदला, बहुतेक वेळा वास जातो. पण रंग नवा आणि रबर जुनं असं असेल तर "पूर्ण रिस्टोअर" म्हणजे नक्की काय केलं तेही विचारून घ्या हं.

आणि घेतलीच तर पहिल्या महिन्यात एक काम करा, हेडलाइटला रिले बसवा, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा वेगळा स्विच. मूळ वायरिंगमध्ये हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगवरच्या स्विचमधून जातो, पन्नास वर्षांत ते कॉन्टॅक्ट जळून काळे पडलेत, लाइट पिवळा पडतो आणि लोक उगाच अल्टरनेटर बदलत बसतात. काम छोटं आहे, मूळ वायरिंग न कापता करता येतं आणि तो स्विच वाचतो. तो स्विच मिळणं हीच पुढची डोकेदुखी असते.

प्रश्न : कार्बोरेटरचे स्क्रू खोलताना सगळ्यांची डोकी खराब झाली. स्क्रू ड्रायव्हर नवा कोरा होता, चांगला महागातला. माझंच काही चुकतंय का?
– डोकं धरून बसलेला

उत्तर : तुमचं नाही, ड्रायव्हरचं चुकतंय. तो फिलिप्स आहे आणि तुमचे स्क्रू फिलिप्स नाहीतच! दिसतात तसेच, फुलीचे, पण ते जपानच्या जेआयएस मापाचे आहेत, फुलीचा आकार थोडा वेगळा, आणि फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर सरकतं आणि कड खाऊन टाकतं. बऱ्याच जेआयएस स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक टिंब असतं, बघा सापडतंय का. जेआयएस ड्रायव्हरचा एक सेट घ्या, तो फिलिप्स स्क्रूलाही बऱ्यापैकी चालतो, उलटं मात्र चालत नाही. मी स्वतः हे कळायच्या आधी दोन कार्बोरेटरच्या झाकणांची वाट लावलीये, त्यामुळे हसत नाहीये तुम्हाला. आता जे खराब झालेत त्यांना गंज सोडवायचं तेल रात्रभर लावून ठेवा आणि हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा, पण कार्बोरेटरची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, तेव्हा तिथे ठोकाठोकी बेतानं.

आट्यांचंही असंच. निसानचे चाकाचे नट १२ गुणिले १.२५चे (मिमीमध्ये, पहिला आकडा जाडी, दुसरा दोन आट्यांमधलं अंतर), टोयोटा, होंडा, माझदाचे १२ गुणिले १.५चे. एकाचा नट दुसऱ्यावर दोन वेटोळे जातो आणि अडकतो, आणि मग एअर गन लावणारा महाभाग स्टडच उपटून देतो. ऑइल प्रेशरच्या सेंडरचे आटेसुद्धा ब्रिटिश टेपरचे असतात, अमेरिकन मापाचा गेज जबरदस्तीनं पिळला तर आटे जातात, नशीब खराब असेल तर तिथला भाग तडकतो. पहिले दोन-तीन वेटोळे नेहमी हातानं फिरवायचे. हातानं जात नसेल तर ते त्याचं नाहीच.

प्रश्न : माझ्याकडे माझदा आरएक्स-७ आहे, १९९३ची, एफडी मॉडेलची. जपून ठेवतो, चालवतो कमी. दर रविवारी शेडमधून बाहेर काढून धुतो, परत आत लावतो. गेल्या रविवारी आत लावायला गेलो तर चालूच होईना, सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली. मेकॅनिक म्हणतो इंजिन गेलं, खोलावं लागेल. झोप उडालीये.
– रोटरीचा रखवालदार

उत्तर : झोपा निवांत, बहुतेक इंजिन गेलेलं नाही, पेट्रोलनं ओलं झालंय. आणि ते तुम्हीच केलंय, जपून जपून. तुमचं इंजिन रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरणारं. थंड इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जास्त जातं. तुम्ही दहा फूट गाडी हलवून लगेच बंद केलीत की ते जळायच्या आत आतच राहतं आणि रोटरभोवतीच्या हाउसिंगवरचा तेलाचा थर धुऊन टाकतं. रोटरीत पिस्टन रिंगच्या जागी रोटरच्या तीन टोकांना एपेक्स सील असतात, त्यांना सीलबंद व्हायला तो तेलाचा थर लागतोच, थर गेला की कॉम्प्रेशन पडतं, कॉम्प्रेशन नाही म्हणून पेटत नाही, आणि पेटत नाही म्हणून तुम्ही अजून सेल्फ मारता, म्हणजे अजून पेट्रोल. असं ते चक्र आहे.

करायचं काय? मोकळ्या हवेत, जवळपास ठिणगी नको, विडी-सिगरेटवाला मित्र तर नकोच. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, इग्निशनची ठिणगी बंद करा, चारही प्लग काढा आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, भोकांतून पेट्रोलची फवारणी होईल, ती संपेपर्यंत. मग खालच्या प्लगच्या भोकांतून दोन्ही रोटरमध्ये थोडं थोडं इंजिन ऑइल सोडा, एक-दोन वेळा फिरवा, कोरडे किंवा नवे प्लग लावा. वरचे आणि खालचे प्लग वेगळे असतात, अदलाबदल करू नका. बॅटरी पूर्ण चार्ज पाहिजे, अर्धवट बॅटरीवर हे काम होत नाही. चालू झाली की भरपूर पांढरा-निळा धूर येईल, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

एवढं करूनही नाही झाली तर कॉम्प्रेशन टेस्ट करा, पण साध्या पिस्टन इंजिनाच्या मीटरनं नाही, तो प्रत्येक रोटरचा एकच आकडा दाखवतो. रोटरीचा टेस्टर तिन्ही बाजूंचे तीन वेगळे आकडे देतो, त्यातला एकच पडला असेल तर एखादा सील गेलाय हे कळतं. ही टेस्ट केल्याशिवाय "खोलावं लागेल" म्हणणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका.

आणि पुढच्या वेळी गाडी चालू केलीत की पूर्ण गरम होईपर्यंत चालवाच, नाहीतर धुवायला ढकलत बाहेर काढा, खरंच सांगतोय. हे इंजिन सीलच्या वंगणासाठी मुद्दाम थोडं तेल जाळतं, तेव्हा तेलाची पातळी पेट्रोल भरताना बघत चला. कूलंटची हवा वेगळी करणारी ती प्लॅस्टिकची छोटी टाकी मूळचीच असेल तर उद्याच बदलून धातूची लावा, ती उष्णतेनं तडकते, कूलंट जातं आणि ओव्हरहीट झालेली रोटरी मग खरोखरच खोलावी लागते.

प्रश्न : स्कायलाइन जीटी-आर, आर३२. आयडलला वर-खाली होते, मधेच मिसिंग करते. आत्तापर्यंत ऑक्सिजन सेन्सर, टेम्परेचर सेन्सर आणि प्लग बदलले, फरक शून्य. आता टर्बोचं बूस्ट (इंजिनात हवा कोंबायचा दाब) वाढवू का, त्यानं सुधारेल असं मित्र म्हणतो.
– पार्ट बदलून थकलेला

उत्तर : मित्र बदला. आरबी२६ इंजिनात हवा मोजायला दोन एअर फ्लो मीटर असतात, त्यांच्या आतल्या सोल्डरला वयानं बारीक तडे जातात, गाडी चालू असताना हलकेच टिचकी मारून बघा, आयडल डगमगलं की चोर सापडला. मग व्हॅक्यूमच्या नळ्या, तीस वर्षांचं रबर बिस्किटासारखं झालेलं असतं. मग कॉइल आणि त्यांची वायरिंग, मग अर्थिंगचे सगळे पॉइंट खोलून घासा. सगळ्यात शेवटी ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) उघडून बघा, त्या काळातल्या जपानी गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समधले कपॅसिटर गळतात आणि बोर्ड खातात, होंडा एनएसएक्सचा एसी कंट्रोलसुद्धा याच रोगानं जातो, खराब माशासारखा वास आला तर समजून जा. पार्ट विकत घ्यायच्या आधी मोजायचं, हे माझं जुनं रडगाणं आहे. बूस्टला तर हातच लावू नका, मूळ टर्बोचं टर्बाइन चाक सिरॅमिकचं आहे, जास्त बूस्टवर ते शाफ्टवरून सुटतं.

प्रश्न : गिअरबॉक्सला जीएल-५ ग्रेडचं ऑइल जास्त भारी ना?
– दोन शब्दांत सांगा

उत्तर : डिफरन्शियलला, हो. पितळी सिंक्रो (गिअर जुळवून घेणाऱ्या कड्या) असलेल्या जुन्या गिअरबॉक्सला नको, तिथे जीएल-४. दोन शब्द झाले नाहीत, माफ करा.

प्रश्न : डॅशबोर्ड, दारं सगळं खोललंय. तुटके क्लिप, तडकलेलं प्लॅस्टिक टाकून देऊ ना? आता म्हणे कंपन्याच जुने पार्ट परत बनवतायत.
– पसारेवाली

उत्तर : ताई, एकही टाकू नका! बनवतायत हे खरंय. निसाननं २०१७मध्ये आर३२ जीटी-आरचे पार्ट निस्मो या आपल्याच रेसिंग शाखेच्या नावानं परत काढायला घेतले, माझदानं त्याच वर्षी पहिल्या रोडस्टरचं रिस्टोरेशन जाहीर केलं, टोयोटानं २०२०पासून २०००जीटी आणि सुप्राचे काही पार्ट आणले. पण "काही" हा शब्द नीट वाचा. छोटे क्लिप, कडेच्या पट्ट्या, बटणं अशा गोष्टी यादीत असतीलच असं नाही, आणि तुटका क्लिप हातात असेल तर निदान त्याच्यावरून माप घेऊन नवा बनवता तरी येतो. मी एकदा एका रात्रीत जोशात अख्खा डॅश खोलला, स्क्रू एकाच डब्यात टाकले, आणि मग चार महिने तो डबा माझ्याकडे आणि मी डब्याकडे बघत होतो. प्रत्येक भागाची वेगळी पिशवी, वर चिठ्ठी, खोलायच्या आधी फोटो, आणि वायरच्या प्रत्येक जोडाला दोन्ही बाजूंनी सारखाच नंबर.

प्रश्न : मामांची टोयोटा एई८६ नऊ वर्षं उभी आहे. बॅटरी नवी आणलीये, रविवारी सेल्फ मारणार. काही सूचना?
– भाचा

उत्तर : हो, मारू नका. जुनं पेट्रोल आधी टाकीतून काढा आणि टाकीत गंज आहे का बघा, पेट्रोलचे रबरी पाइप सगळे बदला, आग लागते ती तिथूनच. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा, एक दिवस ठेवा, मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून हातानं दोन फेरे फिरवा, अडकलं तर थांबा, जोर लावू नका. टायमिंग बेल्ट किती किलोमीटर झालाय ते विसरा, तो वर्षांनीही मरतो, बदला. ब्रेकचे रबरी पाइप आतून फुगतात, पेडल सोडलं तरी चाक पकडून ठेवतात, तेही बदला. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष, दहा वर्षांपुढचं टायर कितीही नवं दिसलं तरी नको. एवढं सगळं या रविवारी होणार नाही, पुढच्याही नाही. बॅटरी तेवढी चार्जिंगला लावून ठेवा.